एक जागा, एक वर्ष : जलरंगात स्वतंत्रपणे काम सुरू करणाऱ्यांसाठी

कला महाविद्यालयातून बाहेर पडलेली किंवा नोकरी सोडून "आता फक्त चित्रं काढणार" असं ठरवलेली मुलंमुली माझ्याकडे येतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक वेळा रंगांचा असतो. कुठल्या कंपनीचे, किती ट्यूब, कागद कुठला. दुसरा प्रश्न प्रदर्शनाचा. सोमवारी सकाळी उठल्यावर नेमकं काय करायचं, हे कुणी विचारत नाही, आणि बहुतेकांचं काम अडतं ते तिथेच. कॉलेजात सबमिशनची तारीख असते, नोकरीत साहेब असतो. इथे सांगणारं कुणी नाही आणि रागावणारंही कुणी नाही. सहा महिन्यांत हात थंडावतो आणि मग "मूड लागत नाही" हे वाक्य सुरू होतं.

मी पुण्यात राहते, जलरंगात काम करते, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगते : एक जागा निवडा आणि वर्षभर तिथेच जाऊन चित्रं काढा. आठवड्याला एक चित्र झालं पाहिजे. बाकी सगळं, म्हणजे सामान, नोंदी, किंमत, प्रदर्शन, या एका ठरावाभोवती बसवता येतं. ते कसं बसवायचं ते क्रमाने सांगते.

जागा ठरवा

जागा घरापासून अर्ध्या तासाच्या आत हवी. लांबची जागा कितीही देखणी असली तरी तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो. मेणवलीचा घाट कुणाला आवडत नाही? पण पुण्याहून दर आठवड्याला मेणवलीला कुणी जात नाही. बसायला सावली हवी, कारण भर उन्हात पांढऱ्या कागदाकडे पाहून डोळे दिपतात आणि मग रंग हवेत त्यापेक्षा गडद लागतात. माणसांची ये-जा हवी. मुलींना मी आणखी एक सांगते : जवळपास वापरता येईल असं स्वच्छतागृह आहे का, ते आधी बघून ठेवा. दोन-दोन तास बाहेर बसायचं असतं आणि हा मुद्दा कुठल्याही पुस्तकात नसतो.

माझी जागा मंडई. महात्मा फुले मंडईची दगडी इमारत १८८०च्या दशकातली. मधे अष्टकोनी मनोरा, बाजूंना पसरलेले पंख आणि बाहेर ताडपत्र्यांखाली बसलेले भाजीवाले. पहिली चार-पाच चित्रं मी सगळ्यांसारखीच काढली, समोरून, मनोरा मधोमध. कॅलेंडरवर असतो तसा. सहाव्या खेपेला तो मनोरा काढायचा कंटाळा आला, म्हणून मागच्या बाजूला गेले आणि तिथे रिकाम्या करंड्यांच्या ढिगावर तिरकं पडलेलं ऊन दिसलं. माझं स्वतःचं म्हणावं असं पहिलं चित्र ते. पहिल्या काही खेपांत आपण आधीपासून माहीत असलेलंच काढत असतो. ते संपल्यावर बघणं सुरू होतं. म्हणून जागा बदलायची नाही.

कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान कोटितीर्थ तळ्याच्या काठी राहिले आणि तेच पाणी, तीच झाडं, तोच काठ वेगवेगळ्या प्रहरांना रंगवत राहिले. १९३१ साली ते गेले. त्यांची जी चित्रं आज बघायला मिळतात, त्यांच्यासमोर उभं राहिलं की एका तळ्यात किती चित्रं असू शकतात ते कळतं. कोल्हापूरला गेलात तर मुद्दाम वेळ काढून बघा.

बसण्याआधी परवानगी घ्या. दुकानाच्या पायरीवर बसणार असाल तर आदल्या दिवशी जाऊन दुकानदाराशी बोला. "काका, सकाळी सात ते नऊ इथे बसले तर चालेल का? तुम्ही दुकान उघडायच्या आत उठते." नाही म्हणणारा माणूस मला क्वचितच भेटला. ज्यांचं चित्र काढता त्यांना ते दाखवा. मंडईतल्या एका मावशींनी माझं चित्र बघून "माझी मेथी कुठं गेली?" असं विचारलं होतं. खरंच, मी मेथी हिरव्या डागात उडवून टाकली होती. तेव्हापासून मी भाजी ओळखू येईल अशी काढते.

सामान थोडं, पण खरं

कागदावर पैसे खर्च करा, बाकी सगळीकडे काटकसर चालेल. शंभर टक्के कापसाचा, ३०० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप), कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खरखरीत कागद घ्या. पूर्ण ताव २२ × ३० इंचांचा मिळतो. त्याचे चार तुकडे केले की ११ × १५चे चार कागद होतात. वर्षभर हाच आकार ठेवा. हा आकार दोन तासांत संपतो, पाठीवरच्या बोर्डावर मावतो आणि पुढे किंमत, माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट), फ्रेम सगळ्याचा हिशेब सोपा होतो. स्वस्त कागदावर सराव करून "नंतर चांगला वापरू" असं म्हणू नका. लाकडाच्या लगद्याच्या कागदावर पाणी वेगळं वागतं, रंग उचलला जातो, वॉश म्हणजे पातळ रंगाचा सलग थर डागाळतो आणि दोष आपल्या हाताचा आहे असं वाटत राहतं.

लहानपणी आपण सगळ्यांनीच कॅमलच्या वड्यांची पेटी वापरली आहे. आता ट्यूब घ्यायच्या, पण मोजून पाच. अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना, यलो ओकर, एक गुलाबीकडे झुकणारा लाल आणि एक स्वच्छ पिवळा. ट्यूबवर रंगद्रव्याचा कोड छापलेला असतो, तो वाचायची सवय लावा. नाव कंपनीगणिक बदलतं, कोड बदलत नाही. अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९, बर्न्ट सिएना बहुतेक वेळा पीबीआर ७. लाल घेताना पीआर ८३ टाळा. हा जुना अ‍ॅलिझरिन क्रिमझन, दिसायला फार सुंदर, पण उजेडात उडतो. त्याऐवजी पीव्ही १९ घ्या. पिवळ्यात पीवाय १५४ टिकाऊ आहे. कोडवर भरवसा नसेल तर घरी तपासा. कागदाच्या पट्टीवर रंग लावा, अर्धी पट्टी काळ्या कागदाने झाका आणि ऊन येणाऱ्या खिडकीला तीन महिने चिकटवून ठेवा. झाकलेला आणि उघडा भाग वेगळा दिसला तर तो रंग विकायच्या चित्रात वापरायचा नाही. लोक आपल्या चित्रासाठी कष्टाचे पैसे देतात, ते चित्र पाच वर्षांत फिकं पडता कामा नये.

अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना ही जोडी नीट समजून घ्या. निळा जास्त घातला तर पावसाळी ढगाचा राखाडी, सिएना जास्त घातला तर जुन्या दगडाचा राखाडी, दोन्ही घट्ट घेतले तर जवळजवळ काळा. एक पूर्ण रविवार या दोन रंगांवर घालवा. काळी ट्यूब घ्यायची गरज पडणार नाही.

ब्रश तीन : पाणी भरपूर धरणारा मोठा मॉप, बारा नंबरचा टोकदार गोल आणि बारीक रेषेसाठी एक रिगर. सिंथेटिक चालतात. एक हलका बोर्ड, मास्किंग टेप, पाण्याचे दोन डबे, सुती फडकं. पिशवी पाच मिनिटांत भरून निघता आलं पाहिजे.

एक सकाळ, एक चित्र

नोव्हेंबरमधली एक सकाळ सांगते, म्हणजे क्रम लक्षात येईल.

सातला पोचले. पहिली दहा मिनिटं पिशवी उघडायची नाही, नुसतं फिरायचं. मागच्या बाजूला चहाच्या पातेल्यातून वाफ निघत होती आणि तिच्या पलीकडून ऊन येत होतं, त्यामुळे एका मावशींच्या डोक्यावरचा पदर कडेने पेटल्यासारखा दिसत होता. तेच चित्र. बाकी मनोरा, ताडपत्री, माणसं या सगळ्यांनी त्या पदराला मदत करायची.

मग छोट्या वहीत काडेपेटीएवढी तीन रेखाटनं. यात फक्त तीन टोन, म्हणजे उजळ-गडदपणाच्या पायऱ्या : कोरा कागद, मधला, गडद. सर्वांत उजळ काय, तर पदर आणि ताडपत्रीची एक कड. सर्वांत गडद, ताडपत्रीखालचा अंधार. बाकी सगळं मधल्या टोनमध्ये. हे ठरल्याशिवाय रंगाला हात लावायचा नाही. नव्या माणसाचं चित्र फसतं ते बहुधा इथेच. रंग चुकीचा असला तरी चित्र उभं राहतं, टोन चुकला की कोसळतं. डोळे बारीक करून बघा, तपशील पुसले जातात आणि तीन टोन आपोआप दिसतात.

पेन्सिलचं काम दहा मिनिटं, हलक्या हाताने. खोडरबर जपून, घासलेल्या कागदावर रंग डागाळतो.

पहिला वॉश. बोर्डाखाली रंगाची पेटी सरकवून त्याला थोडा उतार दिला. मॉपमध्ये ओकरचं पातळ पाणी आणि गुलाबीचा किंचित अंश घेऊन वरून सुरुवात केली. आकाशापासून जमिनीपर्यंत एकाच दमात खाली येत जायचं. वॉशच्या खालच्या कडेला पाण्याचा एक टपोरा काठ तयार होतो, तो सतत ओला ठेवायचा आणि ब्रशने पुढे ओढत न्यायचा. पदर आणि ताडपत्रीची कड सोडली, तिथे कागद कोरडाच. जमिनीकडे येताना थोडा सिएना मिसळला. तीन-चार मिनिटांत सगळा कागद झाकला गेला.

आता थांबायचं. इथला संयम शिकायला मला वर्षं लागली. नोव्हेंबरात आठ-दहा मिनिटांत वाळतं, मे महिन्यात तीन-चार मिनिटांत, जुलैत अर्धा तासही लागतो. हाताची उलटी बाजू कागदाजवळ न्या, गारवा लागला तर कागद अजून ओला आहे. अर्धवट वाळलेल्या वॉशमध्ये ओला ब्रश टेकवला की पाणी आतला रंग ढकलतं आणि कोबीच्या फुलासारखा डाग उमटतो. तो पुसता येत नाही. चहा घेऊन या.

दुसरा थर मधल्या टोनचा. मनोरा, इमारत, ताडपत्री आणि मागची माणसं मी वेगवेगळी रंगवली नाहीत, एकच मोठा आकार समजून रंगवली. वर निळसर, खाली तपकिरी, आणि ओलं असतानाच आत जागोजागी वेगळे रंग सोडले : भाजीचा हिरवा, एका सदऱ्याचा लाल. कडा एकमेकांत मिसळल्या तर मिसळू द्यायच्या. वाफेच्या जागी स्वच्छ पाण्याने कड विरघळवली. एकदा लावलेल्या जागी पुन्हा ब्रश नेला नाही. दोनदा-तीनदा फिरवलं की रंग मळतो, चिखल होतो.

पुन्हा वाळू दिलं. शेवटी गडद : ताडपत्रीखालचा अंधार, मावशींच्या पाठीमागची सावली, दोन-चार डोकी, रिगरने दोऱ्या. गडद रंग साईसारखा घट्ट घ्यायचा. त्या अंधाराला टेकून पदर उजळला आणि मी ब्रश खाली ठेवला. नऊ वाजले होते, ऊन सरकलं होतं, सावल्या वेगळ्या पडल्या होत्या. यानंतर समोर बघून काढलेलं काहीही आधीच्या उजेडाशी जुळणार नव्हतं.

घरी आल्यावर चित्राला एक दिवस हात लावू नका. भिंतीला टेकवून ठेवा, येता-जाता बघा. दुसऱ्या दिवशी एखादी जागा खटकली तर ती दुरुस्त करा. तीन जागा खटकल्या तर ते चित्र तसंच ठेवा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.

आठवड्याची बांधणी

माझ्या आठवड्यात दोन सकाळी बाहेर, तीन दिवस घरातल्या खोलीत, एक दिवस कागदपत्रांचा आणि एक सुट्टी. सुरुवातीला तुम्हाला शिकवण्या किंवा नोकरी असेल तर एक सकाळ बाहेर आणि दोन संध्याकाळी घरी, एवढं पुरेसं आहे. दिवस मात्र ठरलेला हवा. "या आठवड्यात जमेल तेव्हा" असं ठेवलं की जमत नाही. घरच्यांना सांगून ठेवा की बुधवारची सकाळ माझी नाही, मंडईची आहे. घरात बसून काम करणाऱ्या माणसाला गॅसचा सिलिंडर घ्यायला, पाहुण्यांना चहा करायला सगळे हक्काने हाक मारतात. हे प्रेमाने पण ठामपणे एकदा सांगावं लागतं.

घरच्या दिवसांत काय करायचं? बाहेर केलेल्या चित्राची वहीतली टिपणं घेऊन तोच विषय वेगळ्या रचनेत करून बघायचा. एकाच गोष्टीचा सराव करायचा, मग ती नुसती वाफ का असेना. जुन्या कागदांच्या पाठीवर करा.

नोंदवही

हे काम कंटाळवाणं वाटतं, पण यावर माझा फार जीव आहे. सावंतवाडीकडचे सावळाराम हळदणकर हे आपल्याकडचे जलरंगातले थोर चित्रकार. हातात समई धरलेल्या स्त्रीचं त्यांचं 'ग्लो ऑफ होप' हे चित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि त्याच्या छापील प्रती देशभर घरोघरी आहेत. तरीही वर्षानुवर्षं कितीतरी लोक ते राजा रविवर्म्याचं म्हणून सांगत आले. एवढ्या मोठ्या माणसाच्या बाबतीत हे होतं, तर आपल्या चित्रांचं काय होईल?

म्हणून प्रत्येक चित्राच्या पुढच्या बाजूला सही, आणि मागे पेन्सिलीने क्रमांक, जागा, तारीख, आकार आणि नाव. पेनने नाही, शाई कागदातून पुढे उतरते. तोच क्रमांक वहीत. वहीत आणखी : कुठला कागद, कुठले रंग, चित्र आत्ता कुठे आहे, विकलं तर कुणाला, किती रुपयांना, कुठल्या तारखेला. चित्र फ्रेम करायच्या आधी फोटो काढा, उघड्या सावलीत, सकाळी दहाच्या सुमारास, चित्र आणि कॅमेरा एकमेकांना समांतर धरून. काच बसल्यावर चांगला फोटो मिळत नाही. एका दिवाळी अंकाने माझ्या विकलेल्या चित्राचा फोटो मागितला तेव्हा माझ्याकडे फक्त काचेत माझीच सावली पडलेला फोटो होता. ते काम गेलं.

पावसाळा आणि कागद

आपल्या हवेत जलरंगाचा खरा शत्रू दमट हवा. माझे चौदा ताव एका पावसाळ्यात लोखंडी कपाटाच्या तळाशी राहिले. दिवाळीत काढले तेव्हा वरून पांढरेशुभ्र दिसत होते. वॉश दिला आणि आभाळभर गडद ठिपके उमटले. रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून कागदाला जे सरसाचं साइझिंग दिलेलं असतं ते दमटपणाने जागोजागी मेलं होतं, तिथे कागद टिपकागदासारखा रंग शोषत होता. चौदाही ताव वाया गेले.

तेव्हापासून मी जूनच्या आधी लागतील तेवढेच ताव घेते, ते जाड प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद करते आणि भिंतीपासून, जमिनीपासून दूर, वरच्या फळीवर आडवे ठेवते. पुड्या महिन्याने बदलायच्या. झालेली चित्रं मात्र प्लास्टिकमध्ये कोंडायची नाहीत. दोन चित्रांमध्ये आम्लविरहित कागद घालून पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि पावसाळ्यात उघडीप मिळेल त्या दिवशी बाहेर काढून पंख्याखाली हवा द्या. तपकिरी ठिपके दिसले तर ते चित्र लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा.

फ्रेमवाल्याकडे स्वतः उभं राहा. चित्राला सेलोटेप लावू द्यायची नाही, ती पिवळी पडून कागदात मुरते. वरच्या कडेला दोन ठिकाणी पातळ जपानी कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाच्या खळीने चित्र लटकवायचं, म्हणजे हवेबरोबर ते ताणलं-आकसलं तरी सुरकुतत नाही. माउंट बोर्ड आम्लविरहित हवा आणि तो मध्ये असल्याने काच चित्राला टेकत नाही. काचेला टेकलेलं चित्र पावसाळ्यात तिला चिकटतं.

किंमत आणि पैसा

नव्या चित्रकाराला किंमत सांगताना घाम फुटतो, म्हणून ती आधीच ठरवून वहीत लिहून ठेवा. सोपी पद्धत चौरस इंचाची. समजा तुमचा दर चौरस इंचाला २० रुपये. ११ × १५ म्हणजे १६५ चौरस इंच, किंमत ३,३०० रुपये. फ्रेमचे पैसे वेगळे. १५ × २२चं चित्र ३३० चौरस इंच, ६,६०० रुपये. "हे जास्त आवडतं म्हणून जास्त" असं करू नका. गिऱ्हाईक गोंधळतं आणि पुढच्या वेळी घासाघीस करतं. दर कमी ठेवा, पण सगळ्यांना सारखा ठेवा. वर्षातून एकदा, चित्रं विकली जात असतील तरच, थोडा वाढवा. गॅलरी विक्रीतला तिसरा हिस्सा किंवा निम्मादेखील घेते, म्हणून गॅलरीत आणि घरी एकच किंमत ठेवा. घरी स्वस्त विकलं की गॅलरीचा भरवसा कायमचा जातो.

सुरुवातीच्या वर्षांत नुसत्या चित्रविक्रीवर घर चालत नाही. हे मोकळेपणाने मान्य करा आणि जोडीचं काम निवडा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांचे वर्ग हे महाराष्ट्रातल्या कितीतरी चित्रकारांचं हक्काचं उत्पन्न आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. दुसरं काम दिवाळी अंकांचं. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांनी मराठी घरांत चित्र बघायची गोडी लावली, आणि आजही अंकांना रेखाटनं लागतात. संपादकांना नमुने मे महिन्यात पाठवा. गणपती झाल्यावर पाठवलेले नमुने पुढच्या वर्षावर जातात. मानधन किती आणि केव्हा, हे रेखाटनं देण्याआधी विचारा.

आता कायद्याचं, कारण इथे मी स्वतः पोळले आहे. चित्र विकलं म्हणजे त्याचा कॉपीराइट विकला असं नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो चित्रकाराकडेच राहतो, हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो. पण कुणी पैसे देऊन सांगून चित्र करून घेतलं, तर उलट आहे : वेगळा करार नसेल तर कॉपीराइट काम सांगणाऱ्याचा होतो. मला हे माहीत नव्हतं. एका व्यावसायिकाने माझ्याकडून वाड्याची सहा चित्रं करून घेतली आणि पुढच्या वर्षी ती त्यांच्या कॅलेंडरवर, डायऱ्यांवर, मिठाईच्या खोक्यांवर आली. मी तक्रार घेऊन गेले तेव्हा वकिलांनी मलाच विचारलं, "कागद कुठे आहे?" कागद नव्हता. आता कुठलंही सांगून आलेलं काम घेताना मी एक पानभर लिहून देते : आकार, किती दिवसांत, किती बदल करून मिळतील, निम्मे पैसे आगाऊ, आणि "कॉपीराइट चित्रकाराकडे राहील, छपाईसाठी वेगळी परवानगी व वेगळं मानधन". दोघांची सही. हे नातेवाइकांच्या कामालाही करते. सुरुवातीला अवघड वाटतं, पण त्यामुळे नाती टिकतात.

प्रदर्शन

पहिल्या वर्षी स्वतःचं प्रदर्शन भरवू नका. हॉलचं भाडं, फ्रेमा, टेम्पो, निमंत्रणं या खर्चाखाली माणूस दबतो आणि पुढची दोन वर्षं ते फेडण्यात जातात. आधी संस्थांच्या वार्षिक प्रदर्शनांना चित्रं पाठवा. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ सालची, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ सालची, हिच्या स्थापनेत हळदणकरही होते. शिवाय राज्य कला प्रदर्शन आहे. एक-दोन उत्तम चित्रं पाठवा. नाकारली गेली तर प्रदर्शन बघायला मात्र जरूर जा आणि घेतलेली चित्रं कशी माउंट केली आहेत, कुठल्या आकाराची आहेत ते टिपून आणा.

मग तिघाचौघांनी मिळून गावातलं दालन घ्या. पुण्यात बालगंधर्वला असं दालन आहे. नाटकाला आलेली माणसं सहज आत डोकावतात, त्यांच्याशी बोला. मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ची, तिथली तारीख मिळायला कित्येक वर्षं थांबावं लागतं, म्हणून अर्ज लवकर करून ठेवा आणि विसरून जा. तोपर्यंत काळा घोड्याला गेलात की गॅलरीच्या बाहेर फुटपाथवर चित्रं मांडून बसलेल्या चित्रकारांशी अर्धा तास गप्पा मारा. कुठल्या आकाराचं चित्र विकलं जातं, लोक काय विचारतात, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही.

प्रदर्शनात रोज पूर्ण वेळ हजर राहा आणि अभिप्रायाच्या वहीत नाव-पत्ता लिहिणाऱ्याला आठवड्याच्या आत आभाराचा निरोप पाठवा. माझी अर्ध्याहून जास्त विक्री प्रदर्शन संपल्यानंतर, घरी आलेल्या माणसांना झालेली आहे.

वर्ष संपताना

आठवड्याला एक म्हटलं तरी आजारपण, लग्नकार्यं, मुसळधार पाऊस धरून वर्षाची चाळीस चित्रं होतात. डिसेंबरातल्या एका दिवशी ती सगळी घरातल्या जमिनीवर तारखेप्रमाणे ओळीने मांडा. घरात जागा नसेल तर गच्चीवर, सावलीत, कडांवर दगड ठेवून. स्वतः उभं राहून बघा आणि मग चित्र न काढणाऱ्या एका माणसाला बोलवा. माझ्याकडे हे काम माझी सासू करते. तिला कुठलं चित्र आवडलं ते मी विचारत नाही, ती कुठल्या चित्रापुढे जास्त वेळ थांबली एवढंच बघते.

त्यातली बारा बाजूला काढा. ही तुमची पुढच्या वर्षी दाखवायची चित्रं, यांनाच माउंट करा. दहाएक चित्रं अशी असतील की ज्यात एखादाच कोपरा जमला आहे. तो कोपरा कशामुळे जमला ते त्यांच्या मागे पेन्सिलीने लिहून ती फोल्डरमध्ये ठेवा. उरलेली मधोमध कापा आणि त्यांच्या पाठी जानेवारीतल्या सरावाला वापरा, कापसाचा कागद आहे तो, दोन्ही बाजूंनी चालतो.